वाळूवर टिकलेलं घर

१० ऑक्टोबर २०१८. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात, मेक्सिको बीच या छोट्या गावाजवळ ‘मायकेल’ चक्रीवादळ धडकलं. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २६० किलोमीटर. समुद्रकाठच्या घरांच्या रांगाच्या रांगा वाहून गेल्या. एक पांढरं घर मात्र उभं राहिलं. त्याचं नाव ‘सँड पॅलेस’, त्याच वर्षी बांधलेलं.

हा नशिबाचा भाग नव्हता. वारा छपरावरून वेगाने जाताना वरचा दाब घटतो आणि छप्पर उचललं जातं. पागोळीकडची बाहेर आलेली कड वाऱ्याला आयतीच पकड देते. म्हणून इथे ती कड अगदी आखूड ठेवली होती, छप्पर पोलादी तारांनी भिंतींना जखडलं होतं आणि भिंती सळया घातलेल्या काँक्रीटच्या होत्या. पण मला खरा विचार दिसतो तो तळमजल्यात! घर खोल रोवलेल्या खांबांवर होतं आणि खालच्या हलक्या भिंती लाटेच्या माऱ्याने सुटून जाव्यात अशाच केल्या होत्या. त्या गेल्या, जिनाही गेला. पाण्याला वाट मिळाली, घर राहिलं.

अशा बांधकामाला खर्च जास्त येतो. तरीही किनाऱ्यावर घर बांधणाऱ्याने सजावटीआधी पैसा छप्पर आणि पायावरच घालावा.