सिंहासनाची मोटार

हैदराबादच्या चौमहल्ला महालात निजामांच्या आसफजाही घराण्याच्या जुन्या मोटारी मांडून ठेवल्या आहेत. त्यांतली पिवळ्या रंगाची, उंच बांधणीची रोल्स-रॉइस ‘सिल्व्हर घोस्ट’ १९१२ सालची आहे आणि ‘थ्रोन कार’ म्हणूनच ती ओळखली जाते. तिच्या मागच्या भागात शेजारी शेजारी बसण्याची नेहमीची बैठक नाही. मधोमध, बाकी आसनांपेक्षा उंचावर, एकट्या माणसाची सिंहासनवजा बैठक आहे. ताबेदारीतल्या लोकांसाठी घडीच्या खुर्च्या आहेत. बैठकीला जरीचे कापड आणि जागोजागी सोनेरी नक्षी. या गाडीत कोणी निजामाच्या बरोबरीने बसू शकणार नाही, ही व्यवस्था सुतारकामातच करून ठेवलेली होती.

गाडीची मागणी सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी नोंदवली. कपड्यालत्त्यांचा आणि थाटामाटाचा त्यांचा शौक प्रसिद्ध होता. पुरानी हवेलीतला त्यांचा लांबच लांब कपड्यांचा दिवाणखाना आजही लोक पाहायला जातात. पण २९ ऑगस्ट १९११ रोजी त्यांचे निधन झाले आणि गाडी वारसाहक्काने गेली मुलाकडे. सातवे निजाम मीर उस्मान अली खान तेव्हा पंचविशीत होते. पुढे ‘टाइम’ साप्ताहिकाने फेब्रुवारी १९३७च्या अंकात मुखपृष्ठावर त्यांचे चित्र छापून त्यांना जगातला सर्वांत श्रीमंत माणूस ठरवले, पण स्वतःच्या राहणीत हा माणूस कमालीचा काटकसरी. रोजच्या फेरफटक्याला साधी जुनी गाडी, अंगात वर्षानुवर्षे तीच शेरवानी. उधळ्या बापाने मागवलेली मोटार चिक्कू मुलाच्या पदरी पडली, आणि तिचे पुढचे सगळे भवितव्य तिथेच ठरून गेले.

त्या काळी रोल्स-रॉइस कंपनी पूर्ण मोटार विकत नसे. डर्बीच्या कारखान्यातून चासी, इंजिन, चाके आणि रेडिएटर एवढेच बाहेर पडे. वरचा साटा, म्हणजे बॉडी, गिऱ्हाइकाने आपल्या पसंतीच्या बग्गीवाल्याकडून बांधून घ्यायचा. निजामाची गाडी लंडनच्या बार्कर आणि कंपनीने बांधली. बार्करचे घराणे १७१० पासून घोडागाड्या बांधत आलेले, आणि रोल्स-रॉइसशी त्याचे आरंभापासून सख्य. ज्या चंदेरी गाडीमुळे ‘सिल्व्हर घोस्ट’ हे नाव पडले, तिचाही साटा बार्करचाच होता. मोटार म्हटले तरी तिचा वरचा निम्मा भाग रथकाराच्या परंपरेतला होता. सिंहासन बसवायला बार्करच्या कारागिरांना नवे काही शिकावे लागले नसेल.

हे यंत्र भारतात अनोळखी नव्हते. १९०८ मध्ये मोटारींची मुंबई-कोल्हापूर कसोटी झाली. एकूण सुमारे ६२० मैलांचे अंतर आणि वाटेत सह्याद्रीतले सहा घाट. ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ या नावाची सिल्व्हर घोस्ट घेऊन फ्रँक नॉरबरी त्यात उतरले आणि त्यांच्या गाडीने बाजी मारली. ती गाडी पुढे ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी विकत घेतली. संस्थानिकांच्या दरबारात रोल्स-रॉइसचा जो बोलबाला झाला, त्यात इंग्लंडमधल्या जाहिरातींइतकाच या घाटांचाही वाटा आहे. बैलगाड्यांच्या रस्त्यावर, खड्ड्याधुळीतून, न रुसता चालणारी मोटार म्हणून तिचे नाव झाले.

सिंहासनाच्या आणि जरीच्या वर्णनात गाडीच्या खऱ्या कौतुकाची गोष्ट नेहमी झाकली जाते. इंजिन सहा सिलिंडरचे, तीन-तीनच्या दोन ओतीव ठोकळ्यांत बसवलेले, ७,४२८ घनसेंटिमीटर क्षमतेचे. आजच्या साध्या मोटारीच्या पाच-सहा पट मोठे, पण फिरायचे अगदी संथ. सात बेअरिंगांवर तोललेला जाडजूड क्रँकशाफ्ट आणि दाबाने खेळवलेले वंगण, यामुळे थरथर जवळजवळ नाहीच. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग होते. एका संचाला मॅग्नेटो ठिणगी देई, दुसऱ्याला बॅटरी आणि कॉइल. एक व्यवस्था बंद पडली तरी दुसरीवर गाडी घरी येई.

स्टिअरिंगच्या चाकाजवळ लहान हातकळा आहेत. एक ठिणगीची वेळ मागेपुढे करण्यासाठी, एक हवा-पेट्रोलच्या मिश्रणासाठी आणि एक गव्हर्नरसाठी. यांतली गव्हर्नरची कळ हे या गाडीचे मर्म आहे. इंजिन फिरू लागले की गव्हर्नरमधली वजने फिरतात. वेग वाढला की ती बाहेर फाकतात आणि त्यांना जोडलेल्या दांड्या पेट्रोलमिश्रणाची वाट थोडी बंद करतात. वेग पडला की वजने आत येतात, वाट पुन्हा उघडते. चालकाने कळ एका खुणेवर ठेवली की पायाने काही न दाबता गाडी त्याच चालीने चालत राहते. चढ लागला तर इंजिन आपणहून जोर लावते. घाईच्या वेळी पायाची कळ दाबून गव्हर्नरला बाजूला सारता येते.

मिरवणुकीच्या गाडीला याहून मोलाची सोय कोणती? पुढे पायी चालणारे भालदार-चोपदार, बाजूला घोडेस्वार, रस्त्याच्या दुतर्फा सलाम करणारी रयत. अशा वेळी गाडी माणसाच्या पावलाबरोबर चालली पाहिजे. तिने गचका दिला तर उंच बैठकीवरचा माणूस पुढे झुकणार आणि सारा रुबाब जाणार. तंत्राचे इतिहास लिहिणारे सिल्व्हर घोस्टच्या लांब पल्ल्याचे गोडवे गातात. १९०७ मध्ये तिने लंडन-ग्लासगो रस्त्यावर इंजिनात बिघाड न होता हजारो मैल तोडले, हे खरेच आहे. पण हैदराबादेत तिची परीक्षा उलटी होती. तिला न अडखळता रेंगाळायचे होते, तेही दख्खनच्या उन्हात, रेडिएटरमधले पाणी उकळू न देता.

आणखी एक करामत जुने चालक मोठ्या अभिमानाने करून दाखवीत. या गाडीला विजेचा स्टार्टर नव्हता. समोर हँडल मारूनच इंजिन चालू करावे लागे. पण इंजिन गरम असताना बंद केले असेल, तर एखाद्या सिलिंडरमध्ये मिश्रण कोंडून राहते. अशा वेळी बॅटरीची ठिणगी चालू करून कळ हलवली की ते मिश्रण पेटते आणि इंजिन हँडलशिवाय फिरू लागते. मालक बाहेर यायच्या आत कोणीही घाम न गाळता गाडी सुरू होणे, ही दरबारी चाकरीतली मोठी शोभा होती.

एवढी तयारी असूनही गाडी फारशी चाललीच नाही. पस्तीस-छत्तीस वर्षांत तिचा मैलमापक साडेतीनशे मैलांच्या आसपास पोहोचला होता, असे सांगितले जाते. म्हणजे मुंबई-कोल्हापूर कसोटीचे अंतरही तिने तेवढ्या वर्षांत तोडले नाही.

सप्टेंबर १९४८च्या पोलिस कारवाईनंतर निजामाची सत्ता संपली. २६ जानेवारी १९५० पासून ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत ते राजप्रमुख राहिले. मग भाषावार प्रांतरचनेत राज्याचेच तीन तुकडे झाले आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबादच्या शेतसाऱ्याचाही वाटा ज्या खजिन्यात जमा होत होता, त्याच खजिन्याच्या जोरावर असल्या गाड्या आल्या होत्या, एवढे मराठी वाचकाने ध्यानात ठेवायला हरकत नाही. राज्य गेले, मोटारी मात्र घराण्याकडेच राहिल्या.

उस्मान अली २४ फेब्रुवारी १९६७ रोजी वारले. मुलाला डावलून त्यांनी नातू मुकर्रम जाह यांना वारस नेमले होते. नव्या वारसाच्या हाती काय आले, याचे वर्णन चरित्रकारांनी केले आहे: चौदा हजारांवर नोकर आणि आश्रित, आणि मोटारखान्यात ६० गाड्या. पेट्रोल आणि सुट्या भागांवर वर्षाला ४५,००० पौंड खर्ची पडत, पण चालू स्थितीत गाड्या होत्या अवघ्या चार. नव्या निजामाला गादीनशिनीच्या समारंभाहून परत आणणारी मोटारही बंद पडली. पेट्रोल कुठे जात होते, हे सांगायला गुप्तहेर नको. गंमत अशी की मुकर्रम जाह यांना स्वतःला यंत्रांची मनापासून आवड होती. १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे रद्द झाले, वारसांचे दावे वाढले आणि ते ऑस्ट्रेलियात मेंढरांच्या विस्तीर्ण कुरणावर राहायला गेले. तिथे त्यांचा वेळ बुलडोझर आणि ट्रक यांच्या सहवासात जाई. हैदराबादेतल्या मोटारी तशाच उभ्या राहिल्या.

त्याच काळात देशभरातल्या संस्थानी गाड्या कवडीमोलाने परदेशी दलालांच्या हाती चालल्या होत्या. १९७२च्या सुमारास सरकारने जुन्या मोटारींच्या निर्यातीला आळा घातला. थ्रोन कार मात्र विकली गेली नाही आणि घराबाहेर गेली नाही. यात दूरदृष्टी किती आणि कोर्टकज्ज्यांमुळे आलेली स्तब्धता किती, हे वेगळे करणे कठीण आहे.

पुढे मुकर्रम जाह यांच्या पूर्वीच्या पत्नी राजकन्या एसरा यांनी पुढाकार घेतला. त्यांच्या देखरेखीखाली चौमहल्ल्याची डागडुजी झाली, २००५ मध्ये महाल लोकांसाठी खुला झाला आणि २०१० मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा संवर्धन पुरस्कारांत त्याची दखल घेतली गेली. महालाबरोबर मोटारीही सावरल्या गेल्या आणि थ्रोन कार पुन्हा झळाळू लागली.

अशी गाडी सावरणे म्हणजे काय, हे मात्र झळाळीवरून कळत नाही. चालून झिजलेल्या गाडीची दुरुस्ती सोपी असते, कारण झीज कुठे होते हे मिस्त्रीला ठाऊक असते. उभी राहून खराब झालेली गाडी सगळीकडून बिघडते. वंगण सुकून चिकट होते, पिस्टनच्या कड्या सिलिंडरला धरतात. पाण्याच्या वाटांत गंज साचतो, आणि तीन सिलिंडर एकाच ओतीव ठोकळ्यात असल्याने एका ठिकाणी तडा गेला तर तिन्ही जातात. बेअरिंगे आजच्यासारखी डब्यातून मिळत नाहीत. व्हाइट मेटल वितळवून जागच्या जागी ओतायचे आणि मग हाताने खरवडून शाफ्टशी जुळवायचे. पेट्रोलची टाकी हवेच्या दाबावर चाले. एका सांध्यातून हवा निसटली की इंजिनापर्यंत पेट्रोल पोहोचत नाही. टायर जुन्या काठाच्या पद्धतीचे, केवळ हवेच्या दाबाने रिमला धरून राहणारे. ते आता परदेशातल्या मोजक्या ठिकाणीच बनतात.

साट्याचे काम त्याहून नाजूक. इंग्लिश बग्गीवाले लाकडाचा सांगाडा करून त्यावर पत्रा चढवीत. वरून पत्रा शाबूत दिसला तरी आतले लाकूड वाळवीने किंवा ओलीने गेलेले असू शकते, आणि ते पाहायचे तर पत्रा उचकटावा लागतो. रंगाचे तर विचारूच नये. त्या काळचा रंग जवसाच्या तेलात खलून, थरावर थर चढवून, प्रत्येक थर घासून दिलेला असे, आणि वरून व्हार्निश. आजचा फवाऱ्याचा रंग दिवसभरात होतो, चकाकतोही जास्त. पण एकदा जुना थर खरवडला की मूळ पिवळा नेमका कसा होता, हे सांगणारा शेवटचा साक्षीदारही जातो. जरीचेही तेच.

हे कसब हैदराबादला परके नाही. महालाच्या ईशान्येला, तारनाक्याच्या शेजारी लालागुड्यात, निजामाच्या रेल्वेने १८९३ मध्ये डबे दुरुस्त करण्याचा कारखाना काढला. लाकडी सांगाडा, पत्रा, गादीकाम, रंगकाम ही बार्करचीच सगळी कामे तिथल्या कारागिरांच्या रोजच्या हातची होती. बाजूलाच उस्मानिया विद्यापीठ, ज्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९२९ मध्ये सुरू झाले. तारनाक्यातच १९४४ मध्ये निजाम सरकारच्या काळात निघालेली प्रयोगशाळा आज भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्था म्हणून नावारूपाला आली आहे. तेले, राळ आणि लेप यांवरचे संशोधन तिथे दीर्घकाळ चालले. ज्या राज्यकर्त्याने आपली मोटार उभी ठेवली, त्याच्याच घराण्याच्या राजवटीत चार-दोन मैलांच्या टापूत मोटार जाणणाऱ्या, बांधणाऱ्या आणि तिचा रंग तपासू शकणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या, हा विरोधाभास नोंदवण्याजोगा आहे.

कायद्यानेही आता जुन्या गाड्यांची वेगळी दखल घेतली आहे. जुलै २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींना ‘व्हीए’ अक्षरांचा स्वतंत्र क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क आहे, आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. चासी, साटा आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशीही अट आहे. मुद्दा इथेच येतो. सावरलेल्या गाडीत मूळचे किती आणि नवे किती, हे कागदावर नसेल तर ही अट तपासणार कशी? थ्रोन कारसारख्या गाडीच्या बाबतीत कोणता पत्रा बार्करचा, कोणते कापड नंतरचे, कोणता भाग नव्याने ओतला, याची यादी गाडीशेजारी फलकावर लावली पाहिजे. देवळाच्या जीर्णोद्धाराचा हिशेब भाविक मागतात; तिकीट काढून महाल पाहणाऱ्यांनी मोटारीचा मागायला काहीच हरकत नाही.