विश्लेषण : मोटारीचा मजबूत पत्रा वाकवताना का तडकतो?

भारत एनसीएपी ही मोटारींची ऐच्छिक टक्कर चाचणी १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. तारे मिळवायचे तर सांगाडा मजबूत हवा. वजन वाढवायचे नसेल तर पत्रा पातळ, पण उच्च शक्तीचा हवा. चाकण, पिंपरी-चिंचवडसारख्या पट्ट्यांतील प्रेस शॉपसाठी मात्र हा पत्रा डोकेदुखी ठरतो. ९० अंशांत वाकवला तरी दाब सुटताच कोन उघडतो, आणि बाक फार तीव्र दिला तर पत्रा तडकतो.

पत्रा मागे का येतो?

वाकताना पत्र्याची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते. यातला काही बदल कायमचा, काही तात्पुरता. पंच वर गेला की तात्पुरता भाग सुटतो, हाच ‘स्प्रिंगबॅक’. साध्या पत्र्याला कायमचा बाक येऊ लागतो तो सुमारे २०० मेगापास्कल ताणाला. ‘डीपी ९८०’ पोलादात हा आकडा साधारण ६०० ते ७०० असतो. स्थितिस्थापकता गुणांक मात्र दोन्हींचा जवळपास सारखाच, २०० गिगापास्कलच्या आसपास. त्यामुळे साध्या पत्र्यात ०.१ टक्का लांबी परत मिळते, तर मजबूत पत्र्यात ०.३ टक्के किंवा अधिक. त्यात पातळ पत्र्याचा कोन जास्त उघडतो, म्हणजे फटका दुहेरी.

तडा कुठून जातो?

डीपी म्हणजे ड्युअल फेज : मऊ फेराइटमध्ये कठीण मार्टेन्साइटची बेटे. मऊ भाग ताणला जातो, कठीण भाग साथ देत नाही. दोघांच्या सीमेवर सूक्ष्म पोकळ्या होतात आणि त्या जोडल्या की तडा. कापलेली कड आणखी नाजूक. बोथट हत्याराने कापताना ती आधीच दुखावलेली असते. चाचणी प्रमाणपत्रावरचा लांबण्याचा आकडा पाहून पत्रा निवडणाऱ्यांची फसगत इथेच होते. केसाएवढा तडा रंगाखाली दडला, तर तो थेट टकरीतच उघडा पडण्याचा धोका.

उपाय काय?

बाकाची त्रिज्या मोठी ठेवणे, बाकाची रेषा रोलिंगच्या दिशेला आडवी घेणे, कापल्यावर उरलेली बर आतल्या बाजूला ठेवणे. स्प्रिंगबॅकसाठी कोन मुद्दाम जास्त वाकवतात; पण कॉइल बदलली आणि तिची शक्ती थोडी वेगळी निघाली की कालचे सेटिंग आज चालत नाही.

दरवाजांमधल्या खांबासारख्या भागांसाठी वेगळी वाट आहे. बोरॉनयुक्त पोलाद ९०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून, मऊ असतानाच थंड डायमध्ये दाबतात. तिथेच ते कडक होऊन शक्ती सुमारे १५०० मेगापास्कलवर जाते आणि स्प्रिंगबॅक जवळपास उरत नाही. मात्र भट्टीचा खर्च येतो, प्रत्येक भागाला वेळ जास्त लागतो आणि कडक झालेला भाग कापायला बहुतेकदा लेझर लागतो.