दहा शेअरचा सौदा, एक कोटीची वाढ

साधना ब्रॉडकास्ट या कंपनीच्या शेअर-घोटाळ्याच्या बातमीत चर्चा झाली ती अभिनेते अर्शद वारसी यांच्या नावाची. 29 मे 2025 च्या आदेशाने बाजार-नियामक सेबीने त्यांच्यासह 59 जणांना बाजारबंदी केली आणि 58.01 कोटींचा गैरनफा व्याजासकट परत मागितला. हा शेअर घ्यायला लावणाऱ्या यूट्यूबवरच्या खोट्या व्हिडिओंबद्दलही भरपूर लिहून आलं. मला त्याआधीचा टप्पा जास्त महत्त्वाचा वाटतो. व्हिडिओ येण्यापूर्वीच आपसांतले सौदे करून भाव हळूहळू चढवला गेला होता. शेअरची उलाढालच इतकी तुटपुंजी, की छोटे सौदेही पुरले.

समजा, कंपनीचे एक कोटी शेअर आहेत, कालचा बंद भाव 20 रुपये. आज एकाने दहा शेअर 21 ला विकायला लावले आणि त्याच्याच गोटातल्या दुसऱ्याने उचलले. फिरले फक्त 210 रुपये; कंपनीचं बाजारमूल्य मात्र एक कोटीने वाढलं. पाच टक्क्यांचं अप्पर सर्किट (एका दिवसात भाव वाढण्याची कमाल मर्यादा) रोज असंच लावत गेलं की पंधरा सत्रांत भाव दुप्पट.

दोन-चार शेअरचा सौदा हा गुन्हा नव्हे. अमळनेरला हे सांगायला नको. 1945 मध्ये तिथे निघालेल्या वनस्पती तुपाच्या कंपनीची पुढे विप्रो झाली आणि तिचे शेअर पिढ्यानपिढ्या जपणारी घरं श्रीमंत झाली. त्यांतल्या कुणी आज दोन शेअर विकले तर भाव हलत नाही. विप्रोत रोज लाखो शेअर फिरतात.

म्हणून सेबी सौद्याच्या आकाराबरोबर माणसंही तपासते: घेणारे-विकणारे तेच तेच आहेत का, पैसा कुठल्या खात्यातून आला. कटाचा लेखी पुरावा क्वचितच हाती लागतो. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये सेबी विरुद्ध किशोर अजमेरा प्रकरणात परिस्थितिजन्य दुव्यांवरून निष्कर्ष काढायला मान्यता दिली, ते योग्यच झालं. पण तपासाला वेळ लागतो. साधनाचा भाव फुगला 2022 मध्ये, अंतिम आदेश आला तीन वर्षांनी. त्याच्या कितीतरी आधी, व्हिडिओंनंतर, छोटे भागधारक सुमारे दोन हजारांवरून 55 हजारांवर गेले होते.

जळगाव-धुळ्यात रात्री मोबाइलवर टिप येते आणि सकाळी सव्वानऊला बाजार उघडतो. किती शेअर फिरले, सौदे किती झाले, हे बीएसईच्या संकेतस्थळावर असतं. तिथवर फार थोडे जातात. भावाच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, हे दोन आकडे प्रत्येक ब्रोकरच्या अ‍ॅपवर दाखवणं सेबीने सक्तीचं करावं.