उघड्या आभाळाचं हीव

डिसेंबरात आभाळ निवळलं की अकोल्यातल्या आंगणात जास्वंद आकसते. मे महिन्यात ४५ अंशांचं ऊन सोसणारं हे झाड. पण रात्रीचा पारा १०च्या खाली उतरला की पानं पिवळी पडतात, कळ्या न उमलताच गळतात. त्यासाठी बर्फ पडावं लागत नाही. उष्ण प्रदेशातल्या झाडांच्या पेशींची आवरणं एवढ्या गारव्यातही नीट काम करत नाहीत, आणि गार मातीतून मुळांना पुरेसं पाणी ओढता येत नाही.

पानं मलूल दिसली की आपण बादलीभर पाणी ओततो. माझा एक मोगरा या पाण्यानं गेला, थंडीनं नव्हे. आपली काळी माती हिवाळ्यात लवकर वाळत नाही, मुळं कुजतात. मोगऱ्याचं पाणी तर नोव्हेंबर सरताना तोडायचंच असतं. त्याची पानं झडू द्यावीत. जानेवारीत छाटून, आळं मोकळं करून शेणखत घातलं की उन्हाळ्यात तो भरभरून फुलतो. जास्वंदीला मात्र पाणी तोडू नये. माती बोटभर खोल वाळल्यावर, सकाळी, थोडंच द्यावं.

हीव येतं कुठून, हे चिखलदऱ्याला नीट कळतं. सुमारे १,१०० मीटर उंचीवरच्या त्या पठारावर दवबिंदू गोठतात, तेव्हाही तापमापी कधी कधी शून्याच्या वर असते. ती आडोशाच्या पेटीत, जमिनीपासून उंच असते. गवताचं पातं उघड्यावर असतं. निरभ्र, निवांत रात्री ते आपली ऊब आभाळाला देत राहतं आणि हवेपेक्षा चार-पाच अंशांनी गार होतं. वर ढग असले, झाडाची फांदी असली, तर ऊब अडते.

म्हणूनच चिखलदऱ्यातली कॉफी मला इतकी बोलकी वाटते. मोगऱ्याची आठवण देणाऱ्या वासाची पांढरी फुलं येणारं हे नाजूक झुडूप तिथे उंच झाडांच्या सावलीत टिकलं आहे. ब्राझीलच्या पाराना राज्यात कॉफीचे मळे उघडे होते. जुलै १९७५ मध्ये, तिकडच्या ऐन हिवाळ्यात, ते कडाक्याच्या थंडीनं करपले.

अमरावतीच्या आंगणात हेच करता येतं. एक्झोरा, अबोली, जास्वंद कडुनिंबाच्या कडेला किंवा दिवसभर तापणाऱ्या भिंतीजवळ लावावी. बुडाशी सोयाबीनचं कुटार पसरावं, पण खोडाला भिडू देऊ नये. कडाक्याच्या रात्री तुराट्यांच्या मांडवावर जुनं लुगडं किंवा बारदान टाकावं आणि सकाळी काढावं. प्लास्टिक पानांना टेकलं तर तिथेच पान करपतं.

वाळकी फांदी दिसली तरी जास्वंदीला महाशिवरात्रीपर्यंत कात्री लावू नका. छाटल्यावर फुटणारी कोवळी पालवी थंडीत आधी जाते. नखानं साल किंचित खरवडून पाहा; आत हिरवं असलं तर ती फांदी जिवंत आहे.