आधी काय गेलं, पिकअप की पाणी?

यंत्राची कुरकुर : भाग ७

खोपोलीहून जुन्या रस्त्यानं बोरघाट चढू लागलं की शिंग्रोबाचं देऊळ लागतं. घाटाची वाट इंग्रज साहेबाला दाखवणारा हा धनगर, आणि वाट सापडल्यावर त्याच साहेबाच्या गोळीला बळी पडलेला, अशी दंतकथा आहे. देवळापाशी नाणं टाकून पुढं जायची ड्रायव्हर लोकांची जुनी रीत. नाणं टाकणाऱ्याच्या मनातली काळजी मात्र कसारा, खंबाटकी, कुंभार्ली अशा कुठल्याही घाटात तीच असते. सपाटीवर झकास पळणारी लोड गाडी चढावर मरगळते, पिकअप सोडते आणि तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकू लागतो.

घाटात गाडीला नेमकं किती काम पडतं, हे आधी मोजून पाहू. खोपोली समुद्रसपाटीपासून साठ-सत्तर मीटरवर, तर लोणावळा ६२० मीटरच्या आसपास. दहा चाकी गाडीला मालासकट २८.५ टनांची परवानगी आहे. एवढं वजन साडेपाचशे मीटर वर उचलायलाच दहा-अकरा लिटर डिझेल लागतं. चाकांचं घर्षण आणि वारा यांचा हिशोब वेगळा. या दहा-अकरा लिटरपैकी गाडीला खरोखर वर नेतं ते जेमतेम चार लिटर. उरलेल्याची उष्णता होते. तिच्यातली बरीचशी सायलेन्सरमधून निघून जाते आणि बाकीची बाहेर टाकण्याचं काम मुख्यतः रेडिएटरच्या गळ्यात पडतं.

दर वीस मीटरला एक मीटर असा चढ आणि ताशी २० किलोमीटरचा वेग धरला, तर इंजिनाला सव्वाशे हॉर्सपॉवरच्या घरात ताकद सतत द्यावी लागते. त्या वेळी रेडिएटरला जी उष्णता फेकावी लागते, ती घरातले २ किलोवॉटचे पंचवीस गिझर एकदम चालू ठेवल्याइतकी असते. महामार्गावर ताशी ७० च्या वेगानं समोरून वारा आदळतो, तेव्हा हे जमून जातं. घाटात वारा जवळपास नसतो. सगळी भिस्त पंख्यावर, आणि पंखा फिरतो इंजिनाच्या जोरावर.

इथंच गिअरचा मुद्दा येतो. डिझेल वाचवायचं म्हणून वरच्या गिअरमध्ये गाडी रेटत नेण्याची सवय बऱ्याच जणांना असते. फेरे कमी झाले की पाण्याचा पंप मंदावतो, पंखा मंदावतो, टर्बोलाही पुरता दाब धरता येत नाही. ॲक्सिलरेटर मात्र तळाला टेकलेला. चार थेंब वाचवायच्या नादात गाडी उकळते ती अशी. एक गिअर खाली टाकला, तर आवाज वाढतो पण पाणी आणि वारा दोन्ही जोरात फिरतात. रेल्वेनं हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेनं सोडवला. बोरघाटात आणि थळघाटात रुळांचा चढ ३७ फुटांना एक फूट, म्हणून गाडीला मागून ढकलायला बँकर इंजिनं लावतात. ट्रकला मागून ढकलणारं कोणी नाही. त्याचा बँकर म्हणजे खालचा गिअर.

गिअर बरोबर असूनही गाडी तापत असेल, तर दुखणं शोधावं लागतं. तापणं आणि पिकअप जाणं एकत्र दिसतं, म्हणून गॅरेजमध्येही ती एकच तक्रार समजून थेट रेडिएटर उतरवला जातो. जाणता मिस्त्री त्याआधी एक प्रश्न विचारतो : आधी काय गेलं? पिकअप गेला आणि मग काटा चढला, की काटा चढला आणि मग पिकअप गेला?

पिकअप आधी गेला असेल, तर संशय हवेवर घ्यायचा. १९०५ साली स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यानं टर्बोचं पेटंट घेतलं, त्यामागची कल्पना साधी होती. वाया जाणाऱ्या गरम धुरानं चक्र फिरवायचं आणि त्या चक्रानं इंजिनात जास्तीची हवा कोंबायची. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तिथून इंजिनापर्यंत ही हवा रबरी होज पाइपातून जाते. होजला चीर पडली, क्लॅम्प ढिला झाला किंवा एअर फिल्टर धुळीनं गच्च भरला, की हवा कमी पडते. जुन्या पंपाच्या गाड्या अशा वेळी काळा धूर ओकतात. डिझेल जातं तितकंच, पण नीट जळत नाही. धुराचं तापमान वाढतं, ड्रायव्हर आणखी ॲक्सिलरेटर दाबतो आणि चढ संपेपर्यंत इंजिन पूर्ण ताणावर राहतं. पाणी शेवटी उकळतं खरं, पण त्यात रेडिएटरचा दोष नसतो. सपाटीवर टर्बोला फारसं काम नसल्यानं ही चीर कुणाच्या लक्षातही येत नाही.

उलट काटा आधी चढला असेल, तर नव्या गाड्यांत पिकअप जाणं हा बिघाड नसून बचाव असतो. पाणी ठरावीक तापमानापुढं गेलं की इंजिनाचा कॉम्प्युटर स्वतःच डिझेल आखडतो. ड्रायव्हर त्याला शिव्या घालतो, पण हेड वाचतं ते त्यामुळंच.

मग पाण्याची बाजू तपासायची. पुष्कळ ट्रकमध्ये इंटरकूलर पुढं आणि रेडिएटर त्याच्या लगेच मागं असतो. दोघांमधल्या बोटभर फटीत उसाचं पाचट, कापसाचे तंतू, किडे आणि त्यावर ऑइलमिश्रित धूळ यांचा थर बसतो. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते. धुलाई सेंटरवाला समोरून जोराचा फवारा मारतो आणि मळ आणखी आत ढकलतो, वर नाजूक पत्र्याही वाकवतो. दोन्ही थोडे वेगळे करून, इंजिनाच्या बाजूनं बाहेरच्या दिशेला, हलक्या दाबानं पाणी मारलं की केवढा ढिगारा पडतो, ते एकदा पाहावंच.

रेडिएटरच्या झाकणाकडे तर कोणी बघतच नाही. एका बारचं झाकण दाब धरून ठेवतं, तेव्हा पाणी १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. झाकणाचं रबर कडक झालं की खंडाळ्याच्या उंचीवर ते ९८ अंशांतच उकळू लागतं. कूलंटऐवजी बोअरचं खारं पाणी भरत राहिलं, तर आतल्या नळ्यांत क्षार धरतात. आणि सगळं ठीक असूनही थंड इंजिन सुरू केल्या केल्या रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केट गेल्याची शंका धरावी.

‘घाटात हवा विरळ असते, म्हणून पिकअप जातो’ हेही हमखास ऐकू येतं. रोहतांगला, ३,९७८ मीटरवर, ते खरं आहे. तिथं हवेचा दाब जवळजवळ दोन पंचमांशानं घटतो. लोणावळ्याला मात्र तो सातेक टक्केच उतरतो, आणि तेवढं टर्बो सहज भरून काढतो.

गाडी घाटात तापलीच, तर बाजूला घ्यावी, पण इंजिन ताबडतोब बंद करू नये. लाखभर फेऱ्यांनी फिरलेल्या टर्बोला ऑइल मिळत राहणं गरजेचं असतं, म्हणून पाणी बाहेर पडत नसेल तर दोन-तीन मिनिटं न्यूट्रलमध्ये चालू ठेवावी. गरम झाकण उघडायचं नाही, कारण वाफेनं हात-तोंड भाजतं. रिकाम्या, तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतायचं नाही, कारण हेडला तडा जातो.

होजची चीर शोधायला मोठं मशीन हवंच असं नाही. टर्बोच्या तोंडाला बूच लावून पाइपात कॉम्प्रेसरची थोडीशी हवा भरायची आणि सांध्यांवर साबणाचं पाणी फिरवायचं. पंक्चरवाला ट्यूबला करतो तेच. जिथं फेस येईल, तिथं भोक.

(पुढील भागात : उतारावर तापणारे ब्रेक)