१८० मिनिटांचा वारसा
विंडोज सर्व्हर २०१६ ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे सुरक्षा-दुरुस्त्यांचे पाठबळ १२ जानेवारी २०२७ रोजी थांबणार, ही बातमी संगणक विभागांना आता नवी राहिलेली नाही. परंतु जुने सर्व्हर बदलण्याच्या घाईत त्यांवरील ‘ॲक्टिव्ह डिरेक्टरी’ची मांडणी, म्हणजे संस्थेतील वापरकर्ते, संगणक आणि त्यांचे अधिकार यांची मध्यवर्ती नोंदवही, कोणतीही फेरतपासणी न करता जशीच्या तशी नव्या यंत्रांवर उतरवली जाण्याची शक्यता मोठी आहे.

ही नोंदवही ज्या सर्व्हरांवर असते त्यांना डोमेन कंट्रोलर म्हणतात. विंडोज एनटीच्या काळात लेखनाचा अधिकार एकाच मुख्य कंट्रोलरकडे होता. २००० साली ॲक्टिव्ह डिरेक्टरी आली तेव्हा प्रत्येक कंट्रोलरवर नोंद करता येऊ लागली आणि झालेले बदल परस्परांना कळवण्याची, म्हणजे रेप्लिकेशनची, जबाबदारी सर्वांवर आली. एकाच नोंदीतील एकच तपशील दोन ठिकाणी बदलला गेल्यास आधी त्या तपशिलाचा आवृत्ती क्रमांक पाहिला जातो आणि तो समान असेल तरच वेळ विचारात घेतली जाते, हे योग्यच आहे, कारण घड्याळे चुकतात.

खरा पेच अंतराचा आहे. वेगवान जाळ्याने जोडलेल्या यंत्रांच्या समूहाला ‘साइट’ म्हणतात. साइटच्या आत बदलाची वर्दी साधारण १५ सेकंदांत निघते, तर दोन साइटना जोडणाऱ्या ‘साइट लिंक’वर बदल ठरलेल्या वेळापत्रकानेच जातात आणि हे वेळापत्रक कोणी बदलले नसेल तर दर १८० मिनिटांचे असते. पुण्यात सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी एखाद्या कर्मचाऱ्याचे खाते बंद केले, तर नागपूरच्या कंट्रोलरच्या लेखी ते दुपारी एकपर्यंतही चालू राहू शकते, आणि वाटेत आणखी एक साइट असेल तर हा विलंब दुप्पट होऊ शकतो. बदललेला पासवर्ड एका नेमलेल्या कंट्रोलरला तत्काळ कळवण्याची सोय आहे. खाते बंद करण्याला मात्र ती सवलत नाही. मध्यांतर १५ मिनिटांपर्यंत खाली आणता येते, इतकेच नव्हे तर साइट लिंकवरही तत्काळ वर्दी सुरू करता येते. तरीही संथ, महागड्या भाड्याच्या तारांच्या जमान्यात शोभणारा १८० हा आकडा फायबरच्या जाळ्यावरही तसाच नांदताना दिसतो, याचे समर्थन करणे कठीण आहे.

कोणत्या कंट्रोलरने कोणाशी बोलावे याचा आराखडा डिरेक्टरीतील एक प्रक्रिया दर १५ मिनिटांनी स्वतःच तपासते, त्यामुळे हाताने जोडण्या आखण्याचा हौशी उद्योग बहुधा अंगाशी येतो. माणसाने करायचे काम वेगळेच आहे: नवी शाखा उघडली की तिचे सबनेट, म्हणजे तेथील पत्त्यांचा गट, योग्य साइटला जोडणे, ते राहून गेले की शाखेतील संगणक जवळचा कंट्रोलर सोडून दूरच्या एखाद्याकडे लॉगिनसाठी धावतात.

तथापि वेगवान रेप्लिकेशन म्हणजे सुरक्षितता, हा समज २७ जून २०१७ रोजी मर्स्क या जहाज कंपनीला फार महागात पडला. त्या दिवशीच्या नॉटपेट्या या संगणक-विषाणूच्या हल्ल्यात न्हावा शेवा येथील गेटवे टर्मिनल्सचे कामही विस्कळीत झाले होते. पत्रकार अँडी ग्रीनबर्ग यांनी पुढे दिलेल्या वृत्तांतानुसार कंपनीचे सुमारे दीडशे डोमेन कंट्रोलर परस्परांच्या प्रती बाळगून होते आणि एखादा गेल्यास बाकीचे तारतील हे गृहीत होते. सगळेच एकदम पुसले जातील, ही शक्यता मात्र जमेस धरलेली नव्हती. वाचला तो घानातील एक, आणि तोही हल्ल्यापूर्वी वीज गेल्यामुळे जाळ्याबाहेर पडला होता म्हणून. तेथील जोडणी इतकी संथ होती की नोंदवही इंग्लंडला पाठवायला दिवस लागले असते, आणि तेथील कर्मचाऱ्यांकडे ब्रिटिश व्हिसा नव्हता. अखेर एकाने नायजेरियाच्या विमानतळावर हार्ड डिस्क सहकाऱ्याच्या हाती सोपवली आणि ती लंडनमार्गे मेडनहेडच्या पुनर्बांधणी केंद्रात पोहोचली. हा विषाणू रेप्लिकेशनमधून पसरला नव्हता, तो चोरलेल्या अधिकारांवर आणि विंडोजमधील उघड्या फटींवर पसरला, हे या कथेच्या पुनरुक्तीत अनेकदा निसटते. प्रती कितीही असल्या तरी त्या एकाच जाळ्यावर एकाच वेळी जिवंत असतील तर त्यांना बॅकअप म्हणता येत नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते.

म्हणून एखादा कंट्रोलर मुद्दाम मागे ठेवण्याची कल्पना काहींना मोहात पाडते, पण तिचाही काच आहे. पुसलेल्या नोंदीची खूण डिरेक्टरी ठरावीक मुदतीपर्यंतच जपते. सुरुवातीला ही मुदत ६० दिवसांची होती आणि सर्व्हर २००३ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासून नव्या मांडण्यांत ती १८० दिवसांची झाली. त्याहून अधिक काळ बंद राहिलेला कंट्रोलर परतला तर इतरांनी पुसलेली खाती त्याच्यापाशी शाबूत असतात. हाच नियम कपाटात जपलेल्या बॅकअपलाही लागू असून, तो या मुदतीपेक्षा जुना झाला असेल तर पुनर्स्थापनेसाठी चालत नाही.