एक खाज, तीन रोग

घरात कोणाला ताप आला तर सारे घर जागे होते. खाज सुटली तर मात्र ज्याला सुटली तो एकटाच जागा राहतो. ताप मोजता येतो, खोकला ऐकू येतो. खाजेला अंशही नाहीत आणि आवाजही नाही. म्हणून ती क्षुल्लक समजली जाते, आणि क्षुल्लक समजली गेल्यामुळेच घरात ठाण मांडून बसते. आमच्या घरात ती सव्वा वर्ष बसली होती. त्या सव्वा वर्षात आम्ही औषधे पुष्कळ शोधली. रोग मात्र शोधला नाही. ही चूक एकट्या आमच्याच घरची असती तर चारचौघांत मांडण्याचे कारण नव्हते. परंतु हीच चूक घरोघर होते असे आता दिसू लागले आहे, म्हणून तिचा जमाखर्च येथे देत आहोत.

आमचे घर वालचंदनगरचे. १९३० नंतरच्या दशकात शेठ वालचंद हिराचंद यांनी कळंबच्या माळावर उसाचे मळे आणि साखर कारखाना उभा केला व त्याभोवती हे गाव वसले. पुढे येथे साखर कारखान्यांना लागणारी यंत्रे घडू लागली, आणि त्याही पुढे इस्रोच्या अग्निबाणांची कवचे. अशा गावातल्या माणसांना एक सवय असते. यंत्र बिघडले तर आवाज कोठून येतो हे पाहिल्यावाचून कोणी पाना उचलीत नाही. मुलांच्या अंगाच्या बाबतीत मात्र आम्ही पाना आधी उचलला.

मुले तीन. थोरला नऊ वर्षांचा. त्याच्या कमरेशी, चड्डीची इलॅस्टिक जेथे बसते तेथे, रुपयाएवढा लाल चट्टा उठला. मधली मुलगी सहा वर्षांची. तिच्या बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटांवर बारीक पुळ्या आल्या. धाकटा चौदा महिन्यांचा. त्याचे गाल, कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या लवणी तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासूनच कोरड्या, लालसर, कधी ओलसर असत. तिघेही खाजवीत, तिघेही एका घरात राहात, एकाच न्हाणीत न्हात. तेव्हा तिघांना एकच रोग झाला आहे, आणि त्याचे एकच औषध कोठेतरी आहे, हे आम्ही गृहीत धरले. पुढच्या सगळ्या चुका या एका गृहीतातून निघाल्या.

आरोपी मात्र बरेच सापडले. सासूबाई म्हणाल्या, अंगातली उष्णता. शेजारी म्हणाले, पाणी जड आहे. कालव्याच्या या टापूत जमिनी चोपण होतात, विहिरींचे पाणी मचूळ होते, हे खरेच आहे. परंतु पाण्याचा गुन्हा वाटतो तितका सिद्ध झालेला नाही. जड पाण्याच्या भागात लहान मुलांत इसब अधिक दिसतो असे काही पाहण्यांत आढळले. म्हणून इंग्लंडात इसब झालेल्या ३३६ मुलांवर प्रयोग झाला. निम्म्या घरांत पाणी मऊ करणारे यंत्र बसविले, निम्म्या घरांत नाही. २०११ साली निकाल आला: यंत्राने इसबात काहीही अधिक फरक पडला नव्हता. दुसरा आरोपी ऊस. त्याच्या पानांच्या देठाशी असलेली कूस टोचते, अंग खाजते. पण ती धुतली की खाज उतरते. तिसरे गाजरगवत. १९५५ च्या सुमारास पुण्यात नजरेस भरलेले हे गवत पुढे देशभर पसरले व त्याने अनेकांना कातडीचा चिवट रोग दिला. परंतु तो बहुधा उघड्यावर काम करणाऱ्या मोठ्या माणसांना होतो, आणि तोंड, मान, हात अशा उघड्या भागांवर आधी दिसतो. आमच्या थोरल्याचा चट्टा कपड्याखाली होता.

मग औषधे. कडुनिंबाचा पाला उकळून त्या पाण्याने तिघांनाही आंघोळ. करंजाचे तेल. लासुर्ण्याहून आलेल्या आत्याबाईंनी गंधकाचे मलम दिले. शेवटी मेडिकलच्या दुकानातून एक ट्यूब आली. ती कोणी लिहून दिली नव्हती, नुसती मागितली आणि मिळाली.

नवल असे की यातले प्रत्येक औषध कोणाला ना कोणाला लागू पडले. गंधकाने मुलीची खाज उतरली. तेच धाकट्याला लावले तर त्याची कातडी भाजल्यासारखी झाली व तो रात्रभर रडला. ट्यूबने धाकट्याचे गाल चार दिवसांत निवळले; थोरल्याचा चट्टा आठ दिवस फिका पडला, आणि मग एकाचे तीन झाले. कडुनिंबाच्या पाण्याने थोरल्याला बरे वाटे, धाकट्याचे अंग अधिकच कोरडे पडे. आम्ही मात्र म्हणत होतो की औषधाला गुण नाही. गुण होता, तो चुकीच्या अंगावर खर्च होत होता.

दरम्यान मुलीच्या शेजारी बाकावर कोणी बसेना. ती हात फ्रॉकच्या खिशात घालून शाळेत जाऊ लागली. आम्ही बारामतीला गेलो ते त्या दिवसांत.

तेथल्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी औषधाचा कागद पुढे ओढला नाही. तिन्ही मुलांचे कपडे उतरवायला सांगितले. भिंगातून पाहिले. थोरल्याच्या चट्ट्याच्या कडेवरचे खवले पात्याने हलकेच खरवडून काचेवर घेतले, त्यावर पोटॅशच्या द्रावाचा थेंब टाकला, आणि थोड्या वेळाने आम्हालाच सूक्ष्मदर्शकातून पाहायला बोलावले. कातडीचे कण विरघळून गेले होते. उरले होते ते तुटक सुतासारखे धागे. ती बुरशी. बाई म्हणाल्या, "तुमच्या घरी एक खाज आहे, पण रोग तीन आहेत."

पहिला रोग थोरल्याचा, गजकर्ण, नायटाही म्हणतात. ही बुरशी कातडीच्या वरच्या मेलेल्या थरावर जगते. ती मधून बाहेर सरकत जाते, म्हणून चट्ट्याची कड लाल व उंच आणि मध्य निवळलेला असे कडे दिसते. घाम, घट्ट कपडे, सामाईक टॉवेल हे तिचे सोयरे. तिला मारणारे औषध कड्याच्या बाहेर दोन बोटे निरोगी कातडीवरही लावावे लागते आणि डाग दिसेनासा झाल्यावरही काही दिवस चालू ठेवावे लागते; रोग हटवादी असेल तर वैद्यकीय सल्ल्याने पोटात गोळ्या.

दुसरा मुलीचा, खरूज. हिचे कारण एक किडा. मादी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. ती कातडीत बीळ करते आणि त्यात रोज दोन-तीन अंडी घालते. एका माणसाच्या अंगावर असे किडे बहुधा दहा-पंधराच असतात. खाज त्यांच्या चावण्याची नव्हे, त्यांच्याविरुद्ध शरीराने मांडलेल्या चिडीची असते. ही चीड तयार व्हायला पहिल्या वेळी चार ते सहा आठवडे लागतात. येथेच आम्हाला उलगडा झाला. दिवाळीत भावंडे आली होती, सहा मुले एका सतरंजीवर आठ दिवस झोपली होती. मुलीची खाज सुरू झाली संक्रांतीच्या अलीकडे. ज्या माणसाला अजून खाज नाही त्याच्याही अंगावर किडा असू शकतो, तो हा असा. आम्ही एकट्या मुलीला गंधक लावीत होतो. ती बरी होई, आणि घरातूनच कोणाकडून तरी तिला तो पुन्हा मिळे.

यासाठी खरजेचा नियम एकच: सारे घर एका रात्री. परमेथ्रिनचे पाच टक्क्यांचे मलम मोठ्यांनी मानेपासून तळपायापर्यंत, बेंबी, नखे, बोटांच्या फटी न विसरता लावायचे. तान्ह्यांना डोळे व तोंड सोडून डोक्यालाही. आठ ते चौदा तास ठेवून धुवायचे, आणि आठवड्याने पुन्हा. अगदी तान्ह्या बाळाला ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. अंथरूण-पांघरूण, कपडे कढत पाण्यात धुवावे. जे धुता येत नाही ते चार-पाच दिवस पिशवीत बांधून ठेवावे, कारण माणसाच्या अंगाबाहेर हा किडा दोन-तीन दिवसांपलीकडे जगत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे: किडे मेल्यावरही खाज दोन-चार आठवडे राहू शकते. हे ठाऊक नसल्यामुळे माणसे बरे करणारे औषध टाकून देतात आणि नवे शोधू लागतात.

'सारे घर एका रात्री' हा नियम किती मोलाचा आहे हे फिजी बेटांनी दाखविले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एका ठिकाणी फक्त रोग्यांना व त्यांच्या निकटच्यांना नेहमीप्रमाणे मलम दिले. वर्षात खरूज ३६.६ टक्क्यांवरून १८.८ टक्क्यांवर आली. दुसऱ्या ठिकाणी रोगी-निरोगी न पाहता सर्वांना आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या दिल्या, आणि ज्यांना गोळी चालत नव्हती त्यांना मलम. तेथे ती ३२.१ टक्क्यांवरून १.९ टक्क्यांवर उतरली.

तिसरा धाकट्याचा, इसब. हा कोणाकडून लागत नाही आणि कोणाला देताही येत नाही. कातडी ही विटांची भिंत मानली तर या मुलांच्या भिंतीतला चुना उपजतच कमी असतो. ओल बाहेर निसटते, साबण, धूळ, लोकर आत शिरते, कातडी चिडते. अशा अनेक मुलांत कातडीतले एक प्रथिन बांधणारा जीन सदोष असतो, हे २००६ साली उघडकीस आले. तेव्हा येथे औषध म्हणजे शत्रू मारणे नव्हे, भिंत लिंपणे. कोमट पाण्याची थोडक्यात उरकलेली आंघोळ, साबण कमीत कमी, अंग ओलसर असतानाच भरपूर स्निग्ध मलम, अंगाशी सुती कपडा. आणि चिघळेल तेव्हा थोडे दिवस सौम्य स्टेरॉइड. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर मावेल एवढे मलम दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. इसब एका दिवसात जात नाही, परंतु ताब्यात राहतो. आणि पुष्कळ मुलांत तो वयाबरोबर ओसरतो.

आता त्या ट्यूबविषयी. तीत स्टेरॉइड होते, बुरशीवरचे औषध होते, जंतूंवरचेही होते. रोग कोणताही असो, यातले एक तरी लागेल असा तिचा हिशेब. आमचे गृहीतच कोणीतरी नळीत भरून विकत होते! स्टेरॉइड शरीराची चीड थांबविते. इसबात चीड हाच रोग, म्हणून धाकट्याला आराम पडला. गजकर्णात चीड हा शरीराचा पहारा. तो झोपविला की खाज थांबते, लाली जाते आणि बुरशी निवांत पसरते. कड्याची ओळखही पुसली जाते, मग डॉक्टरांनाही ओळखणे कठीण. शिवाय जांघेसारख्या नाजूक जागी जहाल स्टेरॉइड लावीत राहिल्यास कातडी पातळ होऊन फाटल्यासारखे पांढुरके पट्टे पडतात. थोरल्याच्या जांघेत ते पडले आहेत. गजकर्ण गेले, ते पट्टे जाणार नाहीत. मुलगा मोठा होईल तेव्हा ते रोगाचे नव्हेत, आमच्या घाईचे आहेत, हे त्याला सांगावे लागेल.

हे दुःख आता आमच्या उंबऱ्याआतले राहिलेले नाही. गेल्या काही वर्षांत देशभर गजकर्णाने हटवादी रूप घेतले आहे. २०२० साली शास्त्रज्ञांनी या बुरशीच्या एका जातीला स्वतंत्र नाव दिले, आणि त्या नावात आपल्या देशाचे नाव आले: ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए. हिच्यातील पुष्कळशा बुरशा नेहमीच्या टर्बिनाफिनला दाद देत नाहीत. ती भारताबाहेरही गेली आहे. वाटेल तशी वापरलेली मिश्र मलमे हे या फैलावाचे एक कारण मानले जाते. २०१८ साली केंद्र सरकारने कातडीला लावण्याची १४ स्टेरॉइडे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत घातली. कायदा झाला, पण मागणारा हात आपलाच असतो.

येथे कोणी म्हणेल, आजीबाईचा बटवा सारा खोटा ठरला काय? मुळीच नाही. गंधक खरजेचा किडा मारतो, हे आजचे वैद्यकही मानते. टाकळ्याला संस्कृतात 'दद्रुघ्न' म्हणजे गजकर्णाचा नाश करणारा म्हणतात, आणि त्याच्या बियांत बुरशीला रोखणारे द्रव्य आढळले आहे. पण हे नावच नीट वाचावे. ते 'खाजघ्न' नाही, 'दद्रुघ्न' आहे. चरकाने कुष्ठाच्या अठरा प्रकारांत दद्रू, पामा आणि विचर्चिका यांना वेगवेगळी नावे दिली. ज्यांनी औषधे शोधली त्यांनी आधी रोगांची नावे ठेवली होती. आपण बटव्यातली औषधे जपली आणि नावे हरवली. बटव्यात दोष नव्हता. त्यातल्या पुड्यांवरच्या चिठ्ठ्या गळून पडल्या होत्या.

म्हणून घरच्यांनी औषधाआधी तीन प्रश्न विचारावेत. खाज रात्री वाढते काय, आणि घरात आणखी कोणाला आहे काय? चट्टा कड्यासारखा बाहेर सरकतो काय? की तान्हेपणापासून लवणींत कोरडेपणा आहे? या उत्तरांवरून रोग ठरविणे आपले काम नव्हे. एकाच मुलाला दोन रोगही असू शकतात. परंतु ही उत्तरे घेऊन डॉक्टरांकडे जाणे आपले काम आहे, आणि आधी काय काय लावले ते न लपविता सांगणेही.

त्या रात्री आमच्या घरात आजीपासून धाकट्यापर्यंत सहा माणसे पांढऱ्या मलमाने माखून बसली होती. मुलीला हसू आवरेना. सव्वा वर्षात तिच्याबरोबर घर प्रथमच जागे होते. महिन्याभराने तिचे हात खिशाबाहेर आले. धाकट्याचा इसब अजून हिवाळ्यात डोके वर काढतो, पण आता त्याला घाबरत नाही, कारण त्याचे नाव ठाऊक आहे. बारामतीहून आणलेले खरे औषध तेच होते. बाकीची दुकानात मिळाली.